पाळकाला हिशेब विचारण्याचे पाप

कमिटीची निवडणूक तोंडावर आली, किंवा नवा पाळक बदलून येणार अशी कुणकुण लागली, की नाशिकच्या ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, एक जुना वाद पुन्हा डोके वर काढतो. उपासना सुटल्यावर आवारात, लग्नाच्या पंगतीत, अगदी दफनविधी आटोपून परतताना रिक्षातसुद्धा तो चालू असतो. एक बाजू म्हणते, ‘माणूस घरी कसा आहे याच्याशी आपल्याला काय करायचंय? संदेश चांगला देतो ना? कामं करतो ना? मग झालं.’ दुसरी बाजू म्हणते, ‘आधी चारित्र्य बघा.’ पण चारित्र्य म्हणजे नेमके काय, असे विचारले की यादी येते ती एवढीच: पीत नाही, बायकांच्या भानगडीत नाही, घरात रोज कौटुंबिक प्रार्थना होते. दोन्हीकडची माणसे तावातावाने बोलतात, दोन्हीकडे वचने तोंडपाठ आहेत, आणि मूळ प्रश्नाला दोन्हीकडचे लोक सारखीच बगल देतात.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. ख्रिस्ती पुढाऱ्याचे चारित्र्य ही त्याची खासगी बाब नाही. पण त्याच्या खिडकीतून आत डोकावून ते कळतही नाही. दुसऱ्याच्या ठेवीशी तो कसा वागतो, त्यावरून ते कळते. दानपेटीतले पैसे ही ठेव आहे. मिशनच्या काळापासून आलेल्या जमिनी आणि रस्त्यालगतचे गाळे ही ठेव आहे. शाळेतल्या प्रवेशाची शिफारस, वसतिगृहातली जागा, उपदेशकाची बदली, दफनभूमीत कोणाला कुठे जागा मिळणार याचा निर्णय, हे सगळे दुसऱ्यांचे आहे आणि काही काळापुरते त्याच्या हाती दिलेले आहे. त्याबद्दल कोणी विचारले तर तो चिडतो की वही पुढे करतो, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे, ही आपल्याकडची समजूत मला मुळातच चुकीची वाटते. ती बायबलात नाही, आणि नाशिकच्या ख्रिस्ती इतिहासातही नाही.

बायबलातल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय दोन्ही बाजू वापरतात, म्हणून तो नीट वाचू. अध्यक्ष, म्हणजे मंडळीचा पुढारी, कसा असावा याची तिथे लांबलचक यादी आहे. मद्यपी नसावा हे त्यात आहे, एका स्त्रीचा पती असावा हेही आहे. पण द्रव्यलोभी नसावा, मारका नसावा, भांडखोर नसावा, परक्यांचे आदरातिथ्य करणारा असावा हेही त्याच दमात सांगितले आहे. आणि शेवटी, बाहेरच्या लोकांनी त्याच्याविषयी चांगली साक्ष द्यावी अशी अट आहे. आपण यादीतल्या सोप्या दोन ओळी उचलल्या, कारण त्या दुसऱ्याच्या घराबद्दल कुजबुजायला बऱ्या पडतात. पैसा, राग आणि शेजाऱ्यांचे मत यांच्याबद्दल बोलायचे तर कमिटीच्या बैठकीत उभे राहून बोलावे लागते.

पैशापेक्षाही नाजूक ठेव म्हणजे गुपित. नवऱ्याचे कर्ज, मुलीचे मोडलेले लग्न, मुलाचे व्यसन, हे सगळे पाळकाच्या कानावर सर्वांत आधी जाते. ते तिथेच राहते का? आपल्याकडे चहाडी करण्याची एक भक्तिमान पद्धत आहे. ‘अमुक बहिणीच्या घरासाठी विशेष प्रार्थना करू या, फार कठीण प्रसंगातून जात आहेत,’ असे भर सभेत म्हणायचे. आमेन होईपर्यंत अर्ध्या मंडळीला बातमी पोचलेली असते. असा पाळक दारूला शिवत नसेल, वरच्या यादीत त्याला शंभर गुण मिळतील. पण त्या बहिणीने त्याच्याकडे पुन्हा का जावे? आणि उद्या ती घरात मार खात असली, तर ती कोणाला सांगेल?

आता बायबलातल्या हिशेबाकडे. शमुवेल म्हातारा झाला, इस्राएलाला राजा मिळाला, तेव्हा निवृत्त होताना त्याने काय केले? सगळ्या लोकांना समोर बोलावून तो म्हणाला, मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणावर जुलूम केला, कोणाकडून लाच घेतली ते परमेश्वरासमोर आणि राजासमोर सांगा, मी परत करतो. आयुष्यभर सेवा केलेला संदेष्टा स्वतःहून जाहीर तपासणीला उभा राहिला. (त्याच शमुवेलाने आपल्या मुलांना न्यायाधीश नेमले होते आणि ती मुले लाचखाऊ निघाली, हे चारच अध्याय आधी लिहिले आहे. पाळकी घराण्यात चालावी असे वाटणाऱ्यांनी ते जरूर वाचावे.) पौलाचे उदाहरण तर याहून व्यवहारी आहे. यरुशलेमच्या गरीब बांधवांसाठी त्याने मंडळ्यांकडून वर्गणी गोळा केली. तो प्रेषित होता, त्याने मनात आणले असते तर ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ म्हणून मोकळा झाला असता. त्याने आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक बंधू पाठवला, आणि करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्याचे कारणही दिले: एवढ्या मोठ्या रकमेबद्दल आमच्यावर कोणी ठपका ठेवू नये, जे योग्य ते प्रभूच्याच दृष्टीने नव्हे, माणसांच्या दृष्टीनेही योग्य दिसावे. ‘माझा न्याय देव करील’ असे म्हणून ताळेबंद टाळणाऱ्याने या वाक्यातला ‘माणसांच्या दृष्टीनेही’ हा भाग कुठे टाकला?

नाशिककरांना यासाठी पॅलेस्टाइनपर्यंत जायचीही गरज नाही. आज शरणपूर रोड म्हटले की आपल्याला ऑफिसे, दुकाने आणि वाहतुकीची कोंडी आठवते. पण चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधल्या मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे वसवलेल्या शरणपुरात एक आगळी शाळा होती. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले मुंबईत उतरवली जात, आणि त्यांतली बरीचशी नाशिकला पाठवली जात. लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम शिकून ती मोठी झाली. ‘नासिक बॉइज’ या नावाने ती आफ्रिकेच्या इतिहासात ओळखली जातात. आईबाप नाहीत, गाव नाही, भाषा परकी. त्यांचे सगळे आयुष्य मिशनऱ्यांच्या हातात. एखाद्या माणसावर विश्वास ठेवण्यावाचून ज्याला पर्यायच नाही, अशा माणसाशी आपण कसे वागतो याची इतकी कडक परीक्षा दुसरी नसेल.

त्यांतला एक जेकब वेनराइट. १८७२ साली तो आफ्रिकेत फिरणारे मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या तुकडीत सामील झाला. १८७३ च्या मे महिन्यात, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारले. आजूबाजूला एकही युरोपीय माणूस नाही, मालकाच्या पेट्या बंद, आत पैसे असतील की मोलाच्या वस्तू, कोणाला ठाऊक नाही. चुमा आणि सुसी हे लिव्हिंग्स्टनचे जुने सोबती. त्यांनी सगळ्यांना बोलावले आणि पेट्या सर्वांच्या देखत उघडायचे ठरवले, म्हणजे आत जे निघेल त्याची जबाबदारी सगळ्यांची. जेकबला लिहिता येत होते, म्हणून यादी करायचे काम त्याच्याकडे आले. मग ते शव आणि त्या वस्तू घेऊन ही माणसे महिनोन्महिने चालत समुद्रकिनाऱ्याला पोचली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनचा दफनविधी झाला तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत हा नाशिकला शिकलेला तरुण होता. मला त्या शवयात्रेपेक्षा ती यादी मोठी वाटते. त्या रानात त्यांना कोणी ऑडिटर विचारणार नव्हता. सोबत्यांनी एकमेकांवर संशय घेतला म्हणून ती यादी झाली का? उलट, पुढे कोणावर संशय घ्यायची वेळ येऊ नये म्हणून झाली. पौलाने केले तेच त्यांनी केले. आपल्या आवारातल्या गाळ्यांच्या भाडेकरारांची अशी यादी सर्वांच्या देखत शेवटची कधी झाली?

माझ्या म्हणण्यावर येणाऱ्या हरकती मी ऐकल्या आहेत, आणि त्यांतल्या काही खरोखर वजनदार आहेत. पहिली धर्मशास्त्राची. पाळक नालायक निघाला म्हणून त्याने दिलेला बाप्तिस्मा बाद होतो का? त्याच्या हातून घेतलेले प्रभुभोजन वाया जाते का? चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत या प्रश्नावर मंडळी दुभंगली. रोमी सम्राट डायोक्लेशनने केलेल्या छळात ज्यांनी पवित्र शास्त्राच्या प्रती सरकारजमा केल्या, त्यांनी दिलेली दीक्षा आणि केलेले संस्कार अशुद्ध, असे डोनाटस पंथाचे लोक म्हणत. त्यांना तिथलाच बिशप ऑगस्टिन याने उत्तर दिले: बाप्तिस्मा पेत्राने दिला काय आणि येशूला धरून देणाऱ्या यहूदाने दिला काय, बाप्तिस्मा देणारा ख्रिस्तच. हे मला मान्य आहे. नाहीतर प्रत्येक विश्वासणाऱ्याला आपल्या तारणासाठी पाळकाचे बँक पासबुक तपासत बसावे लागेल. पण या उत्तराचा आपल्याकडे जो वापर होतो, त्याला माझी हरकत आहे. संस्कार टिकतो, याचा अर्थ खुर्चीही टिकली पाहिजे असा होत नाही. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, परंपरेतली श्रद्धेची जी एकोणचाळीस कलमे आहेत, त्यांतल्या सव्विसाव्या कलमात हाच ऑगस्टिनचा विचार आहे: सेवकाच्या दुष्टपणामुळे संस्काराचा परिणाम नाहीसा होत नाही. लोक इथे थांबतात. त्याच कलमाचा शेवट मात्र असा आहे की दुष्ट सेवकांची चौकशी करणे हे मंडळीच्या शिस्तीत येते, ज्यांना त्यांचे अपराध माहीत आहेत त्यांनी आरोप करावेत, आणि दोषी ठरल्यास न्याय्य निर्णयाने त्यांना पदावरून काढावे. शरणपुराची मंडळी ज्या मिशनने उभी केली, त्याच मिशनच्या परंपरेतले हे कलम आहे. अर्धेच का वाचायचे?

दुसरी हरकत क्षमेची, आणि ती भावनेला हात घालते. दावीद राजाने व्यभिचार केला, त्या बाईचा नवरा उरीया याला मारवले, तरी देवाने त्याला राजा ठेवले. पेत्राने येशूला तीनदा नाकारले, तरी मेंढरे त्याच्याकडेच सोपवली. मग आपण कोण? दावीद राजा राहिला हे खरे. पण नाथान संदेष्टा त्याच्या दरबारात गेला आणि ‘तो मनुष्य तूच’ असे तोंडावर म्हणाला, हेही तितकेच खरे. दाविदाने त्याचे तोंड बंद केले नाही, त्याची बदली केली नाही, त्याच्याविरुद्ध निनावी अर्ज करवले नाहीत. पेत्राला येशूने तीन वेळा विचारले, तेही बाकीच्या शिष्यांसोबत सरोवराच्या काठी, जेवण झाल्यावर. जकातदार जक्कयाने तर क्षमेचा शब्द ऐकण्याआधीच चौपट परतफेडीचा आकडा जाहीर केला. क्षमा मिळाली म्हणून तिजोरीची किल्ली परत मिळालीच पाहिजे, असे यांतल्या एकाही गोष्टीत नाही. पस्तावलेल्या माणसाला मंडळीत जागा असावी, सन्मानाने असावी, आणि त्याच्याकडे सह्यांचे अधिकार नसावेत. या तिन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

‘परमेश्वराच्या अभिषिक्तावर (देवाने नेमलेल्यावर) हात टाकू नका’ हे तर हल्ली ढालीसारखे वापरले जाते. दाविदाने आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजाला गुहेत मारले नाही, ते अभिषिक्त म्हणूनच. पण त्याने त्याच्या झग्याचा काठ कापून घेतला आणि बाहेर येऊन, तो काठ हातात धरून, शौलाच्या सैन्यासमोर मोठ्याने विचारले की तू माझ्या पाठीस का लागला आहेस. पुराव्यासह जाहीर आरोप करणे म्हणजे हात टाकणे नव्हे, हे दाविदाला कळत होते.

तिसरी हरकत मला सर्वांत प्रामाणिक वाटते. लोक म्हणतात, आपल्या मंडळ्यांत गटबाजी इतकी आहे की चारित्र्याची चर्चा सुरू झाली की ती शिंतोडे उडवण्यातच संपते. कमिटी हरलेला गट धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करतो, जिंकलेला गट उलटा अर्ज करतो, विश्वस्त बदलल्याची नोंद करायचे बदल अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतात, आणि यात एखाद्या सज्जन पाळकाचे आयुष्य करपून जाते. हे खोटे नाही. पण खोट्या आरोपावर औषध काय? पुन्हा उत्तर आफ्रिकेकडे जाऊ. ज्या वादातून डोनाटस पंथ निघाला, त्याच्या मुळाशी अप्तुंगाचा बिशप फेलिक्स याच्यावरचा आरोप होता: त्याने शास्त्राच्या प्रती अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या. प्रोकॉन्सलसमोर, म्हणजे रोमी प्रांताधिकाऱ्यासमोर, चौकशी झाली, साक्षी झाल्या, आणि पुराव्याचे पत्र ज्याने आणले होते त्या इंजेंटियसने त्यात आपण मजकूर घुसडल्याचे कबूल केले. फेलिक्स निर्दोष सुटला. चौकशी झाली म्हणून सुटला. ‘बिशपांवर बोलू नका’ म्हणून विषय दाबला असता, तर तो आजतागायत विश्वासघातकी म्हणूनच ओळखला गेला असता. तीमथ्याच्या पत्रातही दोन्ही बाजू आहेत: दोन-तीन साक्षीदारांवाचून मंडळीच्या वडिलाविरुद्ध (म्हणजे पुढाऱ्याविरुद्ध) आरोप घेऊ नकोस, आणि लगेच पुढे, जे पाप करतात त्यांना सर्वांदेखत दोष दे. पहिल्या वाक्याने निनावी अर्जवाल्यांचे तोंड बंद होते. दुसऱ्याने पाळकाच्या भोवतीच्या कोंडाळ्याचे व्हायला हवे.

चौथी हरकत आजच्या हवेतली आहे. ‘दिवस वाईट आहेत. आपण मूठभर. आधीच धर्मांतराच्या नावाने बोटे रोखलेली. घरचे धुणे चव्हाट्यावर कशाला?’ ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. पण धुणे चव्हाट्यावर आणतो कोण? जमिनीचा वाद कोर्टात गेला की तो वर्तमानपत्रात येतोच. ट्रस्टचे कागद सरकारी कार्यालयात असतात. बाहेरच्यांना सगळे ठाऊक असते, अंधारात असते ती मंडळीतली म्हातारी विधवा, जी दर रविवारी पदराच्या गाठीतून नोट काढून पेटीत टाकते. आणि शहरातल्या पुढाऱ्याच्या लफड्याची किंमत शहरात वसूल होत नाही. ती जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी पाड्यावर होते, जिथे दहा-बारा घरे एका अंगणात जमून गाणी म्हणतात आणि गावच्या नजरेत आधीच संशयित असतात. नाशिकच्या एखाद्या ‘साहेबां’नी परदेशी देणगीदाराला खूश करण्यासाठी अहवालात बाप्तिस्म्यांचा आकडा फुगवला, तर तो फुगवलेला आकडा पुरावा म्हणून त्या अंगणात परत येतो.

आकड्यांचा विषय निघालाच आहे तर बिली ग्रॅहम यांची गोष्ट इथे उपयोगी आहे. १९४८ साली कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी हा तरुण अमेरिकन सुवार्तिक (ख्रिस्ती प्रचारक) आपल्या सहकाऱ्यांसोबत बसला आणि फिरत्या सुवार्तिकांची बदनामी कशाकशामुळे होते ते त्यांनी मांडले. त्यातून त्यांनी स्वतःवर बंधने घालून घेतली. पैशाची, परस्त्रीबरोबर एकांत टाळण्याची, स्थानिक मंडळ्यांची निंदा न करण्याची, आणि सभेला किती लोक आले याचे आकडे न फुगवण्याची. त्यांच्यावर तेव्हा कोणी आरोप केला नव्हता. त्यांच्या शिकवणीच्या किंवा राजकारणाच्या बाबतीत मतभेद असू शकतात, माझेही आहेत. पण खोटी गर्दी सांगणे हे चारित्र्याचे पतन आहे, हे त्यांनी ओळखले. आपल्या याद्यांत ते कधी येतच नाही.

‘चारित्र्य-बिरित्र्य सोडा, नियम पक्के करा’ म्हणणारा एक सुशिक्षित गटही आता तयार झाला आहे. यात वकील आणि निवृत्त बँकवाले जास्त. त्यांचे मला पुष्कळ पटते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायची, किंवा बिगरशेती जमीन वा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. चांगला कायदा आहे. मग मुदत तीन वर्षांच्या आत ठेवून तोच करार तोच भाडेकरू पुन्हापुन्हा करतो, तेव्हा नियम मोडला का? कागदावर नाही. बाबासाहेब आंबेडकर २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत म्हणाले होते की घटना कितीही चांगली असली तरी ती राबवणारे वाईट असले तर ती वाईटच ठरेल. त्याच भाषणात त्यांनी बजावले की धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. आपण ख्रिस्ती लोक दुसरे वाक्य पक्षांना लावतो. पण पास्टरेट कमिटी, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारी कमिटी, ही मंडळीतले राजकारणच आहे, आणि तिथे आपण भक्ती घेऊन बसतो.

नुसती भक्ती काय करते हे मद्रासमध्ये जन्मलेले जगप्रसिद्ध सुवार्तिक रवी झकरायस यांच्या बाबतीत जगाने पाहिले. इंग्रजी शिकलेली आपली पोरे त्यांचे व्हिडिओ बघून मोठी झाली. २०१७ मध्ये आरोप झाले तेव्हा संस्था त्यांच्या पाठीशी उभी राहिली. २०२० मध्ये ते वारले, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या चौकशीने लैंगिक गैरवर्तन खरे असल्याचे सांगितले. नुसते नियम काय करतात तेही पाहिले. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये नियमांची वाण नाही, तरी जॉन स्मिथ या माणसाने मुलांवर केलेल्या अत्याचारांबद्दल २०१३ मध्ये माहिती मिळूनही पुरेसा पाठपुरावा झाला नाही. चौकशीचा अहवाल आल्यावर १२ नोव्हेंबर २०२४ रोजी त्या चर्चचे तेव्हाचे प्रमुख धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. स्वतः अत्याचार केला असा आरोप त्यांच्यावर नव्हता. ठेवीची राखण नीट झाली नाही, एवढे पुरले. आपल्याकडे एवढ्यावर कोण राजीनामा देतो?

राहता राहिला तो नेहमीचा पेच: लबाड कर्तबगार परवडला की भाबडा सज्जन? या प्रश्नाचे उत्तर मी देत नाही, कारण पर्याय एवढेच दोन नाहीत. नारायण वामन टिळकांचे उदाहरण घ्या. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी, ज्याने १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घ्यावी असा माणूस नाही. आणि त्यांच्या हाती पैसा टिकत नसे, हेही जगजाहीर, कारण नाशिकजवळच्या जलालपूरच्या लेकीने, लक्ष्मीबाईंनी, आपल्या आठवणींत नवऱ्याचा संताप, लहर, आल्यागेल्याला घरातले उचलून देणे हे सगळे मोकळेपणाने लिहून ठेवले. अशा माणसाला व्यासपीठ द्यावे आणि तिजोरी दुसऱ्याकडे ठेवावी, इतके ते साधे आहे. पण मला या उदाहरणात आणखी एक गोष्ट दिसते. पुढाऱ्याचे दोष त्याच्या बायकोने छापून जाहीर केले, म्हणून टिळकांची पत कमी झाली का? दर रविवारी आपण त्यांचीच गाणी गातो. खरे सांगितल्याने मंडळीचा मान जातो म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

यंदाच्या वार्षिक सभेत करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला ना सिनडची (चर्चच्या वरिष्ठ सभेची) मंजुरी लागते, ना बिशपांची. ताळेबंद सभेच्या दिवशी घाईघाईने वाचून दाखवण्याऐवजी आठ दिवस आधी वाटावा. पासबुकांच्या प्रती आणि भाडेकरारांची यादी टेबलावर ठेवावी, कोणालाही बघू द्यावी. खजिनदार पाळकाच्या घरातला नसावा. स्वतंत्र मंडळ्यांत तर बहुतेकदा पाळकीणबाईच खजिनदार असतात. स्त्रिया आणि मुले यांच्या तक्रारी ऐकायला पाळकाच्या वर्तुळाबाहेरच्या दोघी-तिघी नेमाव्यात. एवढे सुचवल्यावर जे पाळक म्हणतील ‘माझ्यावर विश्वास नसेल तर मी राजीनामा देतो’, त्यांची मनधरणी करायला कोणी धावू नये. आणि जे म्हणतील ‘बरे झाले विचारलेत, मागच्या तीन वर्षांच्या पावत्याही घेऊन जा’, त्यांचा संदेश रविवारी अर्धा तास लांबला तरी निदान मी घड्याळ बघणार नाही.